बाळाला हात लावणार कोण?

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यावस्त्यांतून पावतीपुस्तके फिरू लागतात. मंडपाचे किती, दिव्यांचे किती, वाजंत्र्यांची सुपारी किती, सगळा हिशेब चोख असतो. पै-पैचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर चिकटवणारी मंडळे आम्ही पाहिली आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीत किती बाळे जन्माला आली? त्यातली किती महिन्याच्या आत दगावली? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग कोणीतरी म्हणतो, "ते बायकांना माहीत असतं."

बायकांना माहीत असते, हे खरे. माता रमाईंनाही माहीत होते. बाबासाहेब आणि रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैमध्ये. जयंतीच्या भाषणात आम्ही हे सांगतो, श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि रमाईच्या त्यागाचा गौरव करून भाषण संपते. पण तशीच लेकरे आजही का जातात, हा प्रश्न भाषणात येत नाही. दुःखाला नमस्कार करून आपण पुढे जातो. दुःखाचे कारण शोधा, ते दूर करण्याचा मार्ग आहे, असे सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी आहोत, याचा तेवढ्यापुरता विसर पडतो.

मध्यंतरी वर्षावासातल्या ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी गेलो होतो. वाचन संपल्यावर मागे बसलेली एक तरुण बाई उठून गेली. तिच्या सासूने मग सांगितले. "अकरा दिवसांचं होतं. आदल्या दिवसापासून दूध ओढत नव्हतं. धापा टाकायचं. रडत नव्हतं म्हणून आम्हाला वाटलं, गुणाचं लेकरू आहे, निजलंय." आम्ही विचारले, घरी कोणी तपासायला आले नाही का? म्हातारी म्हणाली, "सातव्या दिवशी आली होती की बाई. रस्त्यावरूनच विचारलं, बाळ बरं आहे ना? मी म्हणलं, बरं आहे. तिनं लिहून घेतलं अन् गेली."

कार्डावर त्या भेटीची नोंद होती. तारीख होती, सही होती. बाळाला मात्र कोणाचा हात लागला नव्हता. त्या दिवशी बाळाचे वजन झाले असते, आईला चार धोक्याच्या खुणा सांगितल्या गेल्या असत्या, तर दहाव्या दिवशी सासू-सुना "निजलंय" म्हणून बसून राहिल्या नसत्या. आमचा आजचा सगळा लेख त्या न लागलेल्या हाताविषयी आहे.

नवजात बाळ कशाने मरते? यात गूढ काही नाही. बाळ दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचे जन्मते, जन्मताना गुदमरते किंवा त्याला जंतुसंसर्ग होतो, ही तीन मोठी कारणे. महिन्याच्या आत जाणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. तिथून पुढे पाच वर्षांपर्यंत न्यूमोनिया आणि हगवण ही दोन मोठी संकटे, आणि दोन्हींच्या मुळाशी कुपोषण. यातला एकही आजार असा नाही की त्यावर उपाय जगाला सापडलेला नाही. उपाय आहेत, स्वस्त आहेत. बाळापर्यंत ते वेळेवर पोहोचत नाहीत, एवढेच काय ते आहे.

हे पोहोचवता येते का? येते. त्याचा पुरावा दुसऱ्या कुठल्या देशात शोधायला नको, तो आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८६ पासून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथे काम केले. आधी त्यांनी बालकांच्या न्यूमोनियाला हात घातला. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या दायांना मोठे आकडे मोजण्याची सवय नव्हती. म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी लावलेली पट्टी तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी लाल खुणेला गेले तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. ज्या बाईला शाळेने नाकारले होते, तिच्या हाती निदान आले. १९९० मध्ये या कामाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले होते.

पुढचे पाऊल नवजात बाळांसाठी होते. ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले गेले. त्यांना आरोग्यदूत म्हटले गेले. बाळंतपणाला हजर राहायचे, बाळाने श्वास घेतला नाही तर नळी-पिशवीने तो सुरू करायचा, वजन करायचे, ताप मोजायचा, कमी वजनाच्या बाळाला उबेत ठेवायचे, आईला पाजायला मदत करायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर घरच्या लोकांची संमती घेऊन प्रतिजैविक औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा द्यायचे. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे होती, तिथे नेहमीचीच सरकारी सेवा चालू होती. या कामाआधी ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांच्या कामानंतर हा आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

संस्था कोणाची, माणसे कोणत्या विचारांची, हा वाद आज बाजूला ठेवू. आमच्या दृष्टीने यातला धडा वेगळा आहे. ज्ञान ही मूठभरांची मिरासदारी आहे आणि इतरांनी त्याला हात लावला तर अनर्थ होतो, हा विचार या देशात फार जुना आहे. पूर्वी तो वेदांबद्दल होता, मग सुईबद्दल झाला. इंजेक्शन खेड्यातल्या बाईच्या हाती कसे द्यायचे, ही शंका मोठमोठ्या तज्ज्ञांनी घेतली. गडचिरोलीतल्या बायांनी ती कामातून खोडून काढली.

असेच पूर्वी एकदा घडले होते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. तीस टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्याची ताकद जगाला दिसली ती अशी, आईच्या हातातल्या पेल्यातून.

गडचिरोलीचा अनुभव सरकारनेही पुढे स्वीकारला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव आशा नेमल्या गेल्या आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्याचा तपशील आमच्या प्रत्येक वाचकाने पाठ करावा असे आम्हाला वाटते. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट जास्तीची. २०१८ पासून त्यापुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटीही ठरल्या. भेट म्हणजे दारातून हाक मारणे नव्हे. हात धुऊन बाळ घ्यायचे, वजन करायचे, ताप मोजायचा, कपडे दूर करून छातीकडे पाहायचे, नाळ पाहायची, आई पाजते कशी ते पाहायचे. म्हणजे प्रत्येक भेटीत बाळाला हात लावायचा.

आणि इथेच जात आडवी येते.

गुजरात आणि राजस्थानातल्या काही गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते, याचा अभ्यास संघमित्रा आचार्य यांनी केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना तपासताना स्पर्श टाळणे, औषध हातावर न ठेवता दुरून देणे, घरात पाऊल न टाकणे, असे अनुभव त्यात नोंदले आहेत. हा भेदभाव मोठ्या डॉक्टरांपेक्षा गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांकडून जास्त झाला, हे त्यातले सर्वांत बोचरे सत्य. महाराष्ट्रात असे घडत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आमच्या म्हातारीच्या दारावरून परत गेलेली बाई घाईत होती की विटाळ मानत होती, हे आम्हाला सांगता येणार नाही. बाळाच्या दृष्टीने फरक काहीच पडला नाही.

आकडेही हेच बोलतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत सुमारे ३५ बाळे जातात. अनुसूचित जाती आणि जमातींच्या घरांत हा आकडा चाळिशीच्या वर आहे, तर तथाकथित उच्च जातींच्या घरांत तिशीच्या आत. महाराष्ट्राचा एकूण आकडा २३ आहे आणि त्याची जाहिरात होते. पण सरासरी ही फसवी चीज असते. गावाची सरासरी सुधारते आणि गावकुसाबाहेरची ओळ तिच्यात झाकली जाते.

आशाताईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्यातल्या कितीतरी आमच्याच लेकीसुना आहेत आणि उन्हातान्हात पायपीट करून काम करतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. पण २०११ मध्ये एका बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरवले गेले होते, म्हणजे भेटीला जेमतेम चाळीसेक रुपये पडतात. तिला कर्मचारी म्हणायचे नाही, स्वयंसेविका म्हणायचे, म्हणजे वेतन द्यायला नको! महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी २०२३-२४ मध्ये संप करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. इथे बाबासाहेबांची आठवण होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे, अशी भूमिका मांडली. शंभर वर्षे होत आली. आईच्या आणि बाळाच्या कल्याणाचा भार अजूनही एका गरीब बाईच्या मानधनावर तोलला जातो आहे.

आणखी एक धोका आम्हाला दिसतो. 'लोकसहभाग' हा शब्द सरकारला फार आवडतो, कारण त्याच्या आड दवाखान्यातली रिकामी पदे झाकता येतात. घरी येणारी सेवा म्हणजे दवाखान्याला सुट्टी नव्हे. आशाने धोका ओळखला, पण गाडी आली नाही, किंवा गाडी आली पण दवाखान्यात डॉक्टर नव्हता, तर ओळखून उपयोग काय? २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत दिली आहे. पुढे ही सवलत वर्षाच्या आतल्या बाळांनाही मिळाली. सरकारी दवाखान्यात कोणी औषधाची चिठ्ठी हातात देऊन बाहेरून आणायला सांगितले तर तो आपला हक्क मारणे आहे. तिथे हात जोडायचे नाहीत, हक्क मागायचा. आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत जन्मलेले बाळ कोणत्या आशाच्या यादीत येते, गावच्या की कारखान्याच्या? हा प्रश्न दर हंगामात विचारला पाहिजे.

सरकारला जाब विचारताना स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. १९५६ मध्ये आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, या समजुतीने पाचवी पुजणारी घरे आमच्यात आजही आहेत. तिसऱ्या दिवसाच्या आणि सातव्या दिवसाच्या भेटीच्या मधोमध ही पाचवी येते. सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवणाऱ्या घरात बाळाच्या वजनाचा कागद मात्र नसतो! चिकाचे पिवळे दूध पिळून टाकणे, मध किंवा गुटी चाटवणे, नाळेवर राख किंवा तेल लावणे, पोट फुगले म्हणून तापल्या सळईचे चटके देणे, धाप लागली तर दृष्ट काढणे, हे सगळे बंद झाले पाहिजे. चिकाचे दूध ही बाळाची पहिली लस आहे. जन्मल्यापासून तासाभरात पाजायला घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये. पहिल्या दिवशी आंघोळ नको, कमी वजनाच्या बाळाला आणखी काही दिवस नको. असे बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे बांधून ठेवावे. बाप, आजी, कोणीही आळीपाळीने धरू शकते. याला पैसा लागत नाही.

धोक्याच्या खुणा प्रत्येक घरात माहीत हव्यात. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, रडणे क्षीण झाले, अंग तापले किंवा हातपाय-पोट गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, नाळेतून पू आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर एक तासही थांबू नये. श्वास पुरा एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घेऊन बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावे. मोठ्या मुलाला हगवण लागली तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे, खाणे आणि अंगावरचे दूध बंद करू नये, आणि जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या द्याव्यात. हगवण थांबली म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

आता चळवळीने काय करायचे? आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीत बाळ जन्मले की त्यात बाळाची, आईची आणि जन्माची नोंद करा आणि पुढे भेटींचे दिवस लिहा. त्या त्या दिवशी महिला मंडळाच्या एका ताईने बाळंतिणीला तीन प्रश्न विचारावेत. आशा घरात आली का? तिने बाळाला हातात घेतले का? वजन किती भरले? बाळ दगावले तर तेही लिहा, लाज बाळगू नका. २००१ मध्ये अनेक संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला होता. सरकारी दप्तरात दिसतात त्यापेक्षा किती तरी जास्त बाळे महाराष्ट्रात मरतात, हे त्याने दाखवले आणि मग शासनाला हलावे लागले. जे मोजले जात नाही त्याचा जाब विचारता येत नाही.

ही वही घेऊन ग्रामसभेत जा. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीतली बाई आहे का, ते विचारा. आशाची जागा रिकामी झाली की आपल्या शिकलेल्या सुनेने अर्ज केला पाहिजे, आणि आपली आशा गावभर सगळ्यांच्या बाळांना हात लावील, असा आग्रह धरला पाहिजे. वर्गणीतून एक तापमापक, एक वजनकाटा आणि ओआरएसच्या पुड्या विहारात आल्या तर मिरवणुकीची शोभा कमी होणार नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले आणि मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचवले. त्याच साथीची लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. ज्या पोराला हात लावायला गाव तयार नव्हते, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. त्यांचे नाव घेणाऱ्या आम्हा सर्वांना आज प्लेगच्या तोंडात जायचे नाही. बाळाचे कपडे दूर करून एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे आहेत. येत्या जयंतीच्या जमाखर्चाशेजारी ती वहीसुद्धा विहाराच्या भिंतीला लागलेली आम्हाला पाहायची आहे.